विद्यापीठाचा पैरा

नाथाजी घार्गेला ऊन सोसायचं, उपास सोसायचा, बायकोची जीभसुद्धा सोसायची. सोसायचं नाही ते एकच, कुणाचं फुकटचं घेणं. दुसऱ्याच्या चंचीतली चिमूटभर तंबाखू घेतली, तरी दिवस मावळायच्या आत आपल्या चंचीतली त्याच्या हातावर ठेवल्याशिवाय गड्याला चैन पडत नसे. आणि असल्या माणसाच्या विहिरीवर दुष्काळात आख्खं विद्यापीठ येऊन राबून गेलं. तिथनं त्याच्या जिवाला घोर लागला.

झालं होतं असं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. वडूजच्या वरच्या अंगाला नाथाजीची वाडी, आणि वाडीतल्या झाडून साऱ्या विहिरी कोरड्या. ऐन वैशाखात सांगलीकडनं विद्यापीठाची पोरं शिबिराला आली. डोक्याला टॉवेल, खांद्यावर कोरे टिकाव. बरोबर दादासो सर. भूगोल शिकवायचे, उंच, सावळे, मातीत बसायला न लाजणारे. ते नाथाजीच्या विहिरीत उतरले, हातोडीनं खडक ठोकून बघितला, चिमटीत भुगा चोळला आणि म्हणाले, "नाथाजीराव, पूर्वेला कशाला खणताय? तिकडं सगळा काळा पाषाण. या पश्चिमेच्या अंगाला मऊ मांजऱ्या खडक आहे. पाणी असलंच तर याच्या पोटात."

"माझ्या बानं पूर्वेला पानी सांगितलंय, सर."

"त्यांचं त्यांच्या वेळी खरं असेल. आता इकडं बघू या."

पोरं राबली. हाताला फोड आले, फुटले, त्यावर चिंध्या बांधून पुन्हा राबली. शिबिराचे दिवस संपले तरी पाणी लागेपर्यंत हलली नाहीत. पश्चिमेच्या कपारीतनं धार सुटली तेव्हा नाथाजी धोतरासकट त्या पाण्यात फतकल मारून बसला आणि कुणी हाक मारली तरी उठेना. पुढं पाऊस पडेपर्यंत वाडीतली माणसं आणि जनावरं त्याच विहिरीवर जगली.

इथवर सगळं चांगलं होतं. शेवटच्या दिवशी देवळापुढं सभा झाली आणि दादासो सर म्हणाले, "हे आमच्या विद्यार्थ्यांचं श्रमदान आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाथाजीच्या गळ्यात हार होता आणि हाराच्या वर तोंड पडलेलं होतं.

"दान म्हनला त्यो," रात्री तो रमजानला म्हणाला. "दान गोसाव्याला देत्यात, न्हाईतर भिकाऱ्याला. मी त्यातला कोन, सांग."

रमजान मुलाणी हा त्याचा पैरेकरी. दोघांकडं एकेकच बैल. एका बैलानं नांगर चालत नाही, म्हणून दोघांचे बैल एका जुवाला जुंपायचे. आज तुझं रान, उद्या माझं. माणसांचंही तसंच. तू माझ्यात राबलास की मी तुझ्यात राबायचं. त्यालाच पैरा म्हणायचं. पैऱ्यात पैसा नाही, उपकार नाही आणि आभारही नाहीत. पण पैरा बुडवला तर माणूस माणसातनं उठतो.

"म्हनूंदे की," रमजान म्हणाला. "शिकल्याली मान्सं. त्यास्नी काय ठावं?"

"त्यास्नी नसंल. मला हाय. पैरा फेडाय पायजे."

पाऊस झाला, पेरण्या झाल्या, शाळू पोटऱ्यात आला, तरी नाथाजीचं तेच. आणि त्यात गोची होती ती पोरीची. सुला त्याची एकुलती एक. वडूजच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. शिबिरात ती रोज विहिरीत उतरून दादासो सरांच्या मापाच्या फितीचं टोक धरायची आणि खडकाबद्दल विचारून विचारून त्यांना हैराण करायची. जाताना सर म्हणाले होते, "बी.ए. झाली की हिला एम.ए.ला आमच्याकडं पाठवा. मुलींचं वसतिगृह आहे. जागेचं मी बघतो." तेव्हापासून पोरगी तेच स्वप्न घेऊन जगत होती. इकडं दहिवडीचं एक स्थळ शिमग्यापर्यंत थांबलं होतं. शिकायला निघाली तर स्थळ सुटणार आणि राहिली तर शिक्षण सुटणार.

नाथाजीचा शिक्षणाला विरोध नव्हता. पण तो म्हणायचा, "आदी पैरा, मग पोरगी. पयलं फेडलं न्हाई, आनि वर आनिक घ्याय कसं जायाचं? त्या दारात मान वर करून जाता याय नगं?"

सुला एकदाच बोलली. "आबा, तुमचा पैरा फिटंस्तवर मी म्हातारी व्हईन."

तो शब्द त्याला लागला. सुगी उरकता उरकता त्यानं गाडीची वंगणं बघितली, दोन कुळव गाडीत टाकले, कडबा भरला.

"इद्यापीठाला रान तरी हाय का?" बायको बनुबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "काय नांगरनार हायसा तितं? त्यांच्या खुर्च्या?"

"काय सांगतील ते करू."

"आनि रमजानभावजींच्या शाळवाचं काय? कनसं खळ्यात पडल्याती. बैल तुमी घिऊन चाललासा. आभाळ आलं म्हंजे?"

हे मात्र खरं होतं. रमजानचं वर्षाचं पोट त्या खळ्यात होतं, आणि मळणीला बैल पाहिजेत. नाथाजीनं रमजानकडं बघितलं. रमजाननं पटका सोडला, पुन्हा बांधला.

"माजा बैल न्हाई आला तर तुजा बैल निम्माच," तो म्हणाला. "चल. आल्यावर मळू."

मायणी, विटा, तासगाव करत, वाटेत मुक्काम टाकत गाडी सांगलीच्या अलीकडं बोरमाळावर पोचली. माळावर बोर एकही नव्हती. हेच विद्यापीठाचं केंद्र. काळ्या दगडाच्या तीन लांब इमारती, चौथीचं बांधकाम चाललेलं, बाकी सगळा मुरूम आणि वारा. नाथाजीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि त्याला गहिवरून आलं. असल्या फोंड्या माळावरनं येऊन पोरांनी आपल्याला पाणी काढून दिलं होतं.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं गाडी अडवली. "कुटं निगालासा?"

"पैरा फेडाय आलुय."

"पैरा? हितं काय शेती हाय व्हय, बाबा? गाडी भायेर घ्या. बैलानं श्यान टाकलं तर मला झाडाय लागतंय."

दादासो सर परिषदेला पुण्याला गेलेले. शेवटी दोघांना हेडक्लार्कपुढं उभं केलं. माणूस वाईट नव्हता, कामानं पिचलेला होता. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "बांधकामावर गाड्या पायजेतच. खडी वाहा. हजेरी लावतो, रोज मिळेल."

"रोज नगं. रोज घेतला म्हंजे पैरा फिटत न्हाई."

"मग फुकट राबणार?"

"व्हय."

"तसं नियमात बसत नाही. उद्या पाय मोडला तर कोण उत्तर देणार? एक तर मजुरी घ्या, नाहीतर गावाकडं जावा."

बाहेरची दोन शिपाई पोरं फिदीफिदी हसली. नाथाजीनं पायांतल्या वहाणांकडं बघितलं. एवढी वाट तुडवून आला, आणि इथं फेडूनसुद्धा घेत नव्हते. दोघं खडीच्या ढिगाआड गाडी सोडून बसले. रमजान बैलांपुढं कडबा टाकत म्हणाला, "तुजा पैरा लय म्हागाचा हाय, गड्या."

सकाळी सरांची वाट बघत तो इमारतीच्या कडेकडेनं हिंडला. एका खोलीत काचेच्या नळ्यांत निळं पाणी उकळत होतं आणि एक पोरगा त्याच्याकडं देवाकडं बघावं तसं बघत होता. दुसऱ्या खोलीत एक म्हातारे मास्तर जुन्या दुष्काळांचं शिकवत होते. कुठल्या साली माणसं गाव सोडून गेली, कुठं सरकारनं खडी फोडायला लावली, सगळं वर्षावार. आपल्या आजानं हालात काढलेलं कुणीतरी नीट लिहून ठेवलंय आणि पोरांना शिकवतंय, हे बघून नाथाजी त्या खिडकीखाली किती वेळ उभा राहिला ते त्याचं त्याला कळलं नाही.

पुढच्या खिडकीत मात्र तो थबकला. आत एक बाई शिकवत होत्या. तिशीच्या आतल्या, पांढरं पातळ, आवाज खणखणीत. फळ्यावर खडूनं विहीर काढलेली. वर माती, खाली मुरूम, मग पूर्वेला काळा पाषाण आणि पश्चिमेला मऊ खडकाचा तिरका पट्टा. पट्ट्यातनं पाण्याचा बाण. बाई सांगत होत्या, "खटाव तालुक्यातली ही विहीर आपल्या विद्यार्थ्यांनी खोल केली. हिच्यावरनं आपण त्या भागातल्या आणखी विहिरींच्या जागा ठरवल्या आणि बहुतेक ठिकाणी पाणी लागलं."

"ती माझी हीर हाय," नाथाजी खिडकीतनं म्हणाला.

सगळा वर्ग वळला. नाथाजीला वाटलं, आता हाकलणार. बाई मात्र खडू ठेवून दाराशी आल्या. "तुम्ही घार्गे का? या, आत या."

मागच्या बाकावर शिबिराला आलेली पोरं होती. त्यांनी ओळखलं. एकानं तळहात पुढं केला. "काका, ह्यो बघा, तुमच्या खडकाचा घट्टा अजून गेला न्हाई." सगळे हसले. नाथाजीला त्या बाकांमध्ये घरी आल्यासारखं वाटलं.

बाईंचं नाव आबेदा. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिराची लेक; बाप सतारी करायचा. याच केंद्रात पहिल्या वर्षी शिकल्या आणि इथंच शिकवायला लागल्या. हे कळल्यावर रमजाननं पटका सारखा केला आणि दिवसभर भेटेल त्याला विचारत सुटला, "त्या भूगोलाच्या बाई बघितल्या का?"

त्यांनी दोघांना चहा पाजला आणि केंद्राची गोष्ट सांगितली. सुरुवातीला इमारत नव्हती. सांगलीच्या हळदीच्या पेठेत लालासाहेब व्यापाऱ्याच्या गोदामात अर्ध्या भागात पोती, अर्ध्या भागात वर्ग. पोतं आपटलं की शिकवणाऱ्याला शिंका. पुस्तकांच्या कडा पिवळ्या, पोरांची बोटं पिवळी. "मी घरी गेले की शेजारणी विचारायच्या, हळद कधी लागली?" बाई हसल्या. "बाहेरची माणसं म्हणायची, गोदामात कधी विद्यापीठ चालतं का? पण तिथनं शिकलेली मुलं आज कुठं कुठं आहेत. त्यातल्याच काहींनी इथले पाये खणले."

वर्ग माळावर आले होते. ग्रंथालय मात्र अजून गोदामातच अडकलं होतं. नव्या हळदीची आवक सुरू झाली, लालासाहेबांना जागा पाहिजे होती. आणि डिझेलची इतकी टंचाई, की ठरलेला ट्रक पंपापुढच्या रांगेतनं हलतच नव्हता.

नाथाजी उठला. "बाई, आमची गाडी हाय की."

पुन्हा हेडक्लार्क. पुन्हा नियम. फुकट काम घेता येत नाही, मजुरी हा घेत नाही. हेडक्लार्कनं चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाला, "एकच वाट आहे. विद्यार्थी करतात तसं श्रमदान म्हणून लिहितो. चालेल?"

नाथाजीच्या कपाळावर आठी आली. मग हळूहळू ती गेली. "म्हंजे म्या इद्यापीठाला दान द्याचं?"

"तसंच म्हणा."

"मग लिवा," नाथाजी म्हणाला. "नाथाजी घार्गे आनि रमजान मुलानी. दान." तो रमजानकडं वळून हळूच म्हणाला, "देताना न्हाई रं लागत ह्यो शबुद." आणि पहिल्यांदाच त्याच्या मनातली सरांवरची अढी सैल झाली.

दुसऱ्या दिवसापासनं फेऱ्या सुरू झाल्या. पेठेत पोरं पुस्तकं पोत्यात भरून द्यायची, माळावर पोरी उतरून फडताळात लावायच्या. नाथाजीनं जन्मभर ऊस वाहिला होता, शेणखत वाहिलं होतं. पुस्तकाचं ओझं निराळंच. दिसायला एवढंसं आणि चाकाला जड. "ह्येच्यात काय शिसं भरलंय का काय?" रमजान म्हणायचा. वरनं धूळ बसू नये म्हणून नाथाजीनं स्वतःची घोंगडी पोत्यांवर टाकली आणि रात्री उघडा झोपला. त्याच्या हातांना, पटक्याला, बैलांच्या वशिंडालासुद्धा हळदीचा रंग चढला.

माळाची चढण वाईट होती. भरली गाडी निम्म्यात आली की बैल गुडघे टेकायचे. मग वर्गातनं पोरं धावत यायची आणि चाकाला खांदा लावायची. आबेदाबाई पदर खोचून मागनं रेटायच्या. एक पोरगी रोज चाकामागं दगड लावायला यायची. तिच्या हाताकडं बघून नाथाजीनं विचारलं, "खुरपल्याला हात दिसतुय. कुटली गं?"

"आटपाडीची. वडील मेंढरं राखतात."

"आनि हितं काय शिकतीस?"

"इतिहास. एम.ए. दुसरं वर्ष."

"भ्या वाटलं न्हाई घर सोडून याय?"

"वाटलं की. पहिल्या वर्षी रोज रडायची. पण पुस्तकं हितंच होती, मग जाणार कुठं?"

नाथाजी त्या रात्री सुलाची आठवण काढून बराच वेळ जागा होता.

फेऱ्या संपत आल्या आणि उत्तरेला आभाळ भरून आलं. खटावच्या अंगाला वीज चमकली. रमजान गाडीच्या जुवावर हात ठेवून तिकडं बघत राहिला. खळ्यात कणसं उघडी पडलेली. अवकाळी आला तर दाणा काळा पडणार, दुष्काळातनं जगलेलं घर सुगीत उपाशी मरणार.

"तू जा," नाथाजी म्हणाला. "तुजा बैल घे. मी बगतो."

"एका बैलावर काय बगतोस?" रमजान चिडला. "त्या पोरांनी पानी लागंस्तवर हीर सोडली न्हाई. ते पानी माझ्या म्हशीनंबी पिल्यालं हाय. जुप."

शेवटचं पोतं उतरलं. तरी नाथाजी थांबेना. गोदामात लोखंडी फडताळं राहिली होती, नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, एक मोडकं टेबल होतं ज्यावर पहिला वर्ग भरला होता. हेडक्लार्क स्वतः म्हणाला, "घार्गे, हे आमच्या माणसांवर सोडा आता. तुमचं झालं." नाथाजी म्हणाला, "न्हाई. हे वरचं." रमजान रागानं लाल झाला, पण बैल त्यानंच जुंपले.

शेवटच्या संध्याकाळी दादासो सर पुण्याहून परतले. पैरा संपला की धन्यानं जेवू घालायचं असतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. निम्मी पोरं शेतकऱ्यांचीच. खाणावळीत पुरणपोळ्या लाटल्या होत्या. कुठली फाटलेली, कुठली करपलेली, पण पानात तुपाची धार होती. सर, आबेदाबाई, हेडक्लार्क, पहारेकरी सगळे एका पंगतीला बसले.

सर म्हणाले, "नाथाजीराव, चूक माझी. मी शेतकऱ्याचाच मुलगा. पैऱ्याला दान म्हणून बसलो."

"न्हाई सर. दानबी दिऊन बगितलं. बरं वाटतं." नाथाजीनं ताटातली पोळी मोडली. "तुमची लायब्री बगितली. एवढी पुस्तकं कुनी लिवली असतील, आनि तुमी ती कशात सांभाळली. माजा हात त्याला लागला, लय झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परतीची वाट धरली. मायणीच्या पुढं रस्त्यावर ओल दिसायला लागली. पाऊस होऊन गेला होता. रमजान गाडीतनं उतरला आणि बैलांच्या पुढं पुढं चालत राहिला. वाडीच्या वळणावर त्याची चाल मंदावली. नाथाजीला त्याच्याकडं बघवेना. आपल्या मानापायी याचं वर्ष बुडवलं, हे त्याला पुरतं कळत होतं.

खळं मोकळं होतं. झाडून सारवलेलं.

रमजानची बायको सलिमा दारात आली. "उबं काय ऱ्हायलासा? शाळू घरात हाय. पोती लावल्याती."

"बैलाबिगार मळलं कुनी?"

"मळलं न्हाई, बडवलं. तुमी गेल्यापास्नं सुला पाटेला यायची, बनुबाई यायची. दांडक्यानं कनसं बडवली. आभाळ भरलं त्या दिशी पोरीनं जेवान बी केलं न्हाई. परीक्षेची पुस्तकं खळ्यातच आनायची, उपनताना तोंडानं घोकायची."

सुला आडावरनं पाणी घेऊन येत होती. बापाला बघून थांबली. नाथाजीनं तिचा हात धरून उलटा केला. तळव्यावर फोड, त्यावर चिंध्या.

"तुला कुनी सांगितलं हुतं गं?"

"कुनी सांगाय कशाला पायजे? रमजानकाका तुमच्यासंगं गेलं, मग त्यांचं खळं कुनी बगायचं?"

रमजाननं तोंड फिरवलं आणि पटक्याच्या शेवटानं डोळे पुसले. बनुबाई चुलीपुढनं उठून आली. हळदीनं माखलेल्या नवऱ्याकडं वरखाली बघत म्हणाली, "नवरदेव आलं जनू. मग? नांगरल्या का खुर्च्या?"

सुला हसली नाही. तिला एकच विचारायचं होतं. "आबा, फिटला का पैरा?"

"फिटला." नाथाजीनं तिच्या डोक्यावरची घागर उतरवून खाली ठेवली. "फिटून वर आपलंच चार दिस त्यांच्याकडं ऱ्हायल्यात. मुद्दाम ठिवून आलुय. दहिवडीला सांगावा धाडतो, थांबू नगा म्हनून. ते दिस तू जाऊन घे."